येसराची पुडी

माझी बायको मनकर्णा वारल्याची खबर आली तेव्हा मी येलदरीला कडूबाई भोईणीच्या खोपटात बसून मरळीचं कालवण खात होतो. आमच्या गावात हे कुणाला माहीत नाही. म्हणून पहिल्यांदा तेच लिहितो.

चैत्र महिना होता. येलदरीला पूर्णेवर धरणाचं काम सुरू होऊन वर्ष होत आलं होतं आणि माझी बैलगाडी तिथं गुत्तेदाराकडं दगड वाहायला लावलेली होती. आमचं गाव तिथून तीन कोस, जिंतूरच्या वाटेवर. मी एकादशीला तेवढा घरी यायचो. त्या दिवशी मारुतीच्या देवळात भजन असायचं आणि माझ्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळकऱ्यानं मासमच्छी खायची नसते, हे काही मी नव्यानं सांगायला नको. कडूबाईच्या खोपटात शिरलो की मी आधी माळ काढून दाराशेजारच्या खुंटीला अडकवायचो. तिचा नवरा मुंजाजी रोज तेच बोलायचा.

"बसा बुवा. देव नीट टांगला का? पडंल बिडंल."

"टांगला, टांगला. वाढ तू."

"त्याचं तोंड भिंतीकडं करा हो. इकडंच बघायलाय."

कडूबाई तोंडाला पदर लावून हसायची. मीही हसायचो.

त्या दिवशी दुपारी अर्धी भाकरी खाऊन झाली होती. बाहेरून हाक आली, "भुजंगबुवा हायेत का इथं?" आवाज चंद्रभानचा होता. चंद्रभान माझा शेजारी, भजनात टाळ धरणारा, तोही माळकरी. खोपट कुणाचं, हे त्याला माहीत नव्हतं. मी ताटली चुलीमागं सारली, हात पाण्यात बुचकळला, धोतराला पुसला आणि बाहेर आलो. हा इथं कसा आला, याला वास तर आला नसेल, हा माझा पहिला विचार. घरी बायको तापानं पडली होती. तिचा विचार नंतर आला.

चंद्रभान म्हणाला, "बुवा, घरी चला. वैनी गेल्या."

"कुठं गेली?" मी विचारलं.

त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग मला कळलं.

बैल मुंजाजीच्या हवाली केले. एक लॉरी जिंतूरला निघाली होती, तिच्यात आम्ही दोघं बसलो. चंद्रभाननं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि मी माझा उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. वाटेत इंजिनात पाणी घालायला लॉरी एका डबक्यापाशी थांबली, तेव्हा मी वाळूनं हात घासला. वास गेला नाही. माशाचा वास वाळूनं जात नाही, चिंचेनं जातो. हे मला मनकर्णानंच सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी.

अंगणात माणसं जमली होती. तिला बाहेर आणून ठेवलं होतं. दिनकरराव पुढं झाले. दिनकरराव म्हणजे आमच्या गावचे मोठे शेतकरी, भजनाचे म्होरके, माझ्या गळ्यात माळ घालणारेही तेच. त्यांनी माझ्या हातात तुळशीचं पान दिलं. "बुवा, पाणी पाजा," म्हणाले. मी त्याच हातानं तिच्या तोंडात पाणी सोडलं.

माझी सासू म्हाळसाबाई उशाशी बसली होती. तिनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, धीर द्यायला धरलं. ती एवढंच म्हणाली, "जावई, हात धुवून या."

लोकांना वाटलं, लेक गेली, म्हातारीला काय बोलावं ते सुचेना.

तेवढ्यात चंद्रभान म्हणाला, "बुवा, तुमची माळ?"

मी गळ्याला हात लावला. माळ खुंटीलाच राहिली होती. मी गळा चाचपत तसाच उभा राहिलो. दिनकररावांनी माझ्याकडं बघितलं. "अरे, तोडली असंल रे. दुःखानं तोडून टाकली बिचाऱ्यानं." बायका मोठ्यानं रडायला लागल्या. कुणीतरी मला धरून खाली बसवलं. तोडली असं मी म्हणालो नाही. तोडली नाही असंही म्हणालो नाही.

माळ मी का घातली, तेही सांगतो. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. पोलीस ॲक्शन झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी मेंढरं विकली आणि सहा एकर रान घेतलं. रान आलं तरी शेतकरी मला पारावर बसा म्हणेनात. दिनकरराव म्हणाले, माळ घाल, भजनाला ये. घातली. महिन्याभरात भुजंग्याचा भुजंगबुवा झाला. देवाची ओढ मला किती होती, ते देवालाच माहीत. बुवा म्हणवून घेणं मला फार गोड लागलं.

मनकर्णाला मी आदल्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "तुमी घाला की. मला मातर मासा सुटणार न्हाई, आधीच सांगते."

मी म्हणालो, "घरात माळ आली की घरात मासा न्हाई. ते गाडगं फेकून दे."

गाडगं म्हणजे तिचं माशाचं मातीचं भांडं. आमच्यात मासा घरातल्या चुलीवर करत नाहीत. अंगणात तीन दगड मांडून, वेगळ्या गाडग्यात करायचा. तिचं माहेर पूर्णेच्या काठावर. मासा कसा करावा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, चालायला लागल्यापासून बघतच आली होती. ज्या महिन्यात रानात जे आंबट मिळेल ते माशात पडायचं, हा तिचा नेम. पावसाळा सरत आला की झिंगे आणि त्यात अंबाडीचा पाला. थंडीत पहाटे ती हरभऱ्याच्या रानात धुतलेलं फडकं पसरून यायची. पानांवरची आंब, म्हणजे आंबट दव, त्यात उतरायची, ते फडकं कालवणात पिळायची. आणि चैत्रात नदी आटून डोह उरले की मरळ. मरळ राखेनं चोळून, साल काढून तिचे गोल तुकडे करायचे. विस्तवात भाजलेला कांदा, लसूण, खोबरं पाट्यावर वाटायचं, करडईच्या तेलात परतायचं. वरून चिंचेचा कोवळा पाला मूठभर. आणि शेवटी येसर.

येसर आमच्याकडं लग्नकार्यात आमटीला लावतात. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या भाजून दळलेलं पीठ. ती ते बारमाही करायची आणि त्यात मूठभर करडई भाजून घालायची. दुसऱ्या कुणाच्या येसरात मी करडई पाहिली नाही.

गाडगं फेक म्हणालो तेव्हा तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी अंगणात गाडगं नव्हतं, दगडही नव्हते. मी समजलो, फोडलं. तिनं दहा वर्षं मासा खाल्ला नाही. माहेरी गेली तरी खाल्ला नाही. मी मात्र धरणावर गेल्यावर पंधरा दिवसांत कडूबाईच्या खोपटात शिरलो.

सुरुवातीला कडूबाईचं कालवण म्हणजे नुसतं लाल पाणी. तिखटजाळ. मला पोटाचा त्रास आधीपासूनच. एकादशीला घरी आलो की पोट धरून बसायचो. मनकर्णा ताक द्यायची आणि विचारायची, "काय खाता तितं?"

"पिठलं."

"पिठल्यानं येवढी आग?"

"मुकादमाच्या बायकोला करता येत न्हाई." जेवण मुकादमाकडं असतं, असं मी घरी सांगितलं होतं.

"बरं," म्हणायची.

दसऱ्याच्या पुढं कडूबाईचं कालवण सुधारलं. दाट झालं, तिखट कमी झालं, पोटातली आग थांबली. मी एकदा बोटं चाटत म्हणालो, "कडूबाई, आता बसला बघ तुझा हात. अगदी घरच्यासारखं लागायलंय."

मुंजाजी खोकल्यासारखा हसला. "घरच्यासारखं म्हणं!" कडूबाईनं त्याच्याकडं डोळे वटारले. मी त्याचा काही अर्थ काढला नाही. जेवत राहिलो.

फाल्गुनात मनकर्णाला ताप आला. उतरायचा, पुन्हा चढायचा. जिंतूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. म्हाळसाबाई येऊन राहिली. चैत्रातल्या एकादशीला मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपत होतो, तर मनकर्णा भिंतीला धरून दारात आली. सासू तिच्या मागं उभी होती.

"आवो," ती म्हणाली, "तोंडाला चवच न्हाई. येताना एक मरळ आणा. एकच. परसात चिंचेला पाला आलाय. माय करंल भायेर, गोठ्याच्या मागं. तुमाला वास बी येनार न्हाई."

मी म्हणालो, "येडी का काय तू? गळ्यात माळ हाय माझ्या. दिनकररावांच्या कानावर गेलं म्हंजे?"

तिनं माझ्या गळ्यातल्या माळेकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "खरंय. राहू द्या."

त्या दिवशी दुपारी मी कडूबाईकडं जेवलो. मरळ होती, चिंचेचा पाला होता. पाचव्या दिवशी चंद्रभान आला.

सातव्या दिवशी जिंतूरचा बाजार होता. कडूबाई दर बाजाराला टोपली घेऊन आमच्याच गावावरून जाते. मी ओसरीत बसलो होतो, सासू दारात डाळ निवडत होती. कडूबाईनं टोपली लांब निंबाखाली ठेवली, हात धुतले, मग दाराशी येऊन बसली आणि तिनं कमरेचं पुडकं सोडलं. आत माळ होती.

"बुवांचं हाय," ती सासूला म्हणाली. "खुंटीला राह्यलं होतं."

म्हाळसाबाईनं माळ हातात घेतली आणि एकेक मणी सरकवत बघितला. "तुटली म्हनत होते लोक."

"न्हाई माय. तुटली न्हाई. धड हाय की."

मला वाटलं, उठून आत जावं. पण मी बसूनच राहिलो. कडूबाईनं दुसरी एक पुडी काढली. "आन हे बी घ्या. अक्कांचं येसर. अर्धं उरलंय. आता माझा हात धजत न्हाई."

"कोणत्या अक्कांचं?" मी विचारलं.

"कोणत्या म्हंजे? तुमच्या मंडळींचं." तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं की मला खरंच काही माहीत नाही. ती रडायला लागली. मग सासूकडं तोंड करून सगळं बोलली, माझ्याशी नाही.

"दसऱ्याच्या वक्ताला मी बाजाराला चालले होते. इथं पानी मागितलं. अक्कांनी टोपलीत बघितलं, म्हनल्या, येलदरीचा मासा का? आमचे मालक तितंच गाडीवर हायेत. मला काय ठावं माय? मी म्हनलं, भुजंगबुवा का? ते तर आमच्याकडंच जेवतात की, मासा लय आवडतो त्यांना."

"मग?" सासू म्हणाली.

"मग त्या हसल्या. म्हनल्या, पिठलं का ग हे? मला कळंना. मग आत गेल्या आन ही पुडी आनली. म्हनल्या, ह्यांच्या पोटात आग पडती, मिरची कमी घाल, हे लावत जा. पाला कवा घालायचा ते बी सांगितलं. म्हनल्या, त्यांना बोलू नको. कळलं तर लाजंनं उपाशी राहतेल. दर बाजाराला पुडी तयार असायची."

"आन तू तिला मासा दिला न्हाईस व्हय कवा?"

"दिला की! पाया पडून दिला. एक मरळ ठिवून घ्या म्हनलं. तर म्हनल्या, घरात माळ हाय."

म्हाळसाबाईचे हात डाळीत थांबले. "गेल्या बाजाराला ती तापात उठून जात्यावर बसली होती," ती म्हणाली. "मी वरडले तिला. कशाला मरायलीस म्हनलं. तर म्हनली, मूठभरच हाय. मी म्हनलं, सोताच्या तेराव्याच्या आमटीचं दळतीस का काय." हे बोलून ती स्वतःच दचकली आणि तिनं तोंडावर हात धरला.

मी पुडी उघडली. वास घेतला. करडई होती. सहा महिने मी ते खाल्लं होतं, वाहवा केली होती, आणि बावीस वर्षांच्या संसारात रोज खाल्लेली चव मला ओळखू आली नव्हती.

कडूबाई गेल्यावर मी सासूला म्हणालो, "चुकलं माझं."

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी तरी काय केलं? लेकीनं मासा मागितला आन मी जावयाचं घर म्हनून गप बसले. ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

ज्यांना सांगायचं ते तेराव्याला सगळे अंगणात बसले होते. पंगत बसायच्या आधी दिनकरराव उठले. त्यांनी नवी माळ आणली होती. ते म्हणाले, "बायकोसाठी माळ तोडणारा मानूस मी पहिल्यांदा बघितला. देव रागावत न्हाई अशावर. या बुवा, पुढं या."

जुनी माळ माझ्या बंडीच्या खिशात होती. मी ती त्यासाठीच घेऊन बसलो होतो. काढायची, दाखवायची आणि सांगायचं, ही तुटली नाही, ही मासा खाताना खुंटीला राहिली, आणि हिच्यापायी मी आजारी बायकोला एक मरळ दिली नाही. तीन वाक्यं होती. मी सकाळपासून मनात म्हणून बघितली होती. मी उठलो. सगळी माणसं माझ्याकडं बघत होती आणि त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल मान होता. चंद्रभान तर डोळे पुसत होता. खिशातला हात बाहेर आला, तो रिकामाच. मी मान वाकवली.

म्हाळसाबाई परातीतून बुंदी वाढायला निघाली होती. ती माझ्यापाशी थांबली. "घाला, घाला," दिनकररावांना म्हणाली. "नवी लय शोभायलीय." आणि पुढच्या पानाकडं गेली. लोकांना ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या गावाच्या वाटेला लागायच्या आधी गोठ्यात गेली आणि गाडगं घेऊन आली. तेच गाडगं. मनकर्णानं ते फोडलं नव्हतं. शेळ्यांच्या दावणीमागं, दुरड्यांखाली, धुऊन पालथं घातलेलं होतं. बुडाला दहा वर्षांपूर्वीची काजळी तशीच.

"हे नेऊ का ठिवू?" तिनं विचारलं.

"ठिवा."

"मग एकदा ह्याच्यात शिजवा तिच्या नावानं. मरळ, चिंचेचा पाला. भायेर, सगळ्यांच्या देखत. तिला काय आवडायचं ते गावाला कळू द्या. अविधवा नवमी हाय भादव्यात, तवा करा. व्हईल का तुमच्यानं?"

"करतो," मी म्हणालो.

"बघा," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती आमच्याकडं आलेली नाही.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं पितरांच्या पंधरवड्यात नवमीला सवाष्ण जेवू घालतात, आणि गेलेलीला जे आवडायचं ते पानात वाढतात. भाद्रपद आला. चंद्रभानची बायको सुमनबाई सवाष्ण म्हणून येणार होती. सैपाकही तीच करणार होती, कारण माझ्या घरात दुसरी बाई नाही. आदल्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

"बुवा, वैनींना काय आवडायचं? तेच करू. हयगय नको."

मी गळ्यातली माळ चाचपली. "पुरणपोळी," म्हणालो.

मनकर्णाला पुरण आवडत नव्हतं. सणाला पुरण करायची, पण आधी स्वतःपुरता मिरचीचा ठेचा वाटून ठेवायची आणि तोंड गोड झालं की आडून ठेचा-भाकर खायची. सुमनबाईनं मनापासून पुरण घातलं, तूप वाढलं. घास बाहेर ठेवला. मी हात जोडून उभा राहिलो. मला वर बघवेना.

आता पुन्हा चैत्र लागला आहे. गुत्तेदाराचं काम मी सोडलं. परसातल्या चिंचेला तांबूस पाला फुटला आहे. कडूबाई बाजाराला जाताना अजून निंबाखाली टोपली ठेवते आणि पाणी मागते. गेल्या बाजाराला म्हणाली, "बुवा, मरळ हाय ताजी. ठिवू का?" समोर पारावर दोघेतिघे बसले होते. मी म्हणालो, "पुढच्या बाजाराला बघू." ती टोपली उचलून गेली. तिच्या आधीच्या बाजारालाही मी हेच म्हणालो होतो.

गाडगं गोठ्यात पालथं आहे. येसराची अर्धी पुडी आणि जुनी माळ त्याच्याखाली ठेवली आहे. पुडीला आता जाळी धरली असेल, मी उघडून बघितलेली नाही. मनकर्णाच्या नावानं मासा अजून शिजलेला नाही. आणि माळ तुटली नव्हती, हे मी दिनकररावांना अजून सांगितलेलं नाही.